निळ्या टोपीची नळी आणि ल्युपसमधल्या गुठळ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ल्युपस म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा आजार. त्यावरच्या आपल्या आरोग्य पुरवणीतल्या लेखातून असा अर्थ निघतो की, ज्यांचं ‘ल्युपस अँटिकोआग्युलंट’ पॉझिटिव्ह येतं त्यांचं रक्त पातळ असतं. अँटिकोआग्युलंट म्हणजे गोठणं रोखणारं, नावच तसं आहे, म्हणून लेखकाला दोष देत नाही. पण प्रकार नेमका उलटा आहे. ही अँटिबॉडी काचेच्या नळीत रक्त गोठायला उशीर लावते आणि माणसाच्या अंगात गुठळ्या करते. नळीत जे दिसलं त्यावरून १९७२ साली हे नाव पडलं आणि चिकटलं ते चिकटलंच.

हा नुसता शब्दाचा कीस नाही. नसबंदीच्या किंवा सिझरच्या आधी एपीटीटी (रक्त गोठायला किती सेकंद लागतात ते पाहणारी तपासणी) ३२ ऐवजी ६० सेकंद आली, की प्लाझ्माच्या (रक्तातल्या पेशी काढून उरलेल्या द्रवाच्या) पिशव्या मागवल्या जातात आणि चालू असलेली रक्त पातळ करायची गोळी बंद होते. एपीटीटी या अँटिबॉडीमुळे लांबली असेल तर पिशव्या चढवून काही साधत नाही, आणि गोळी बंद झाल्यावर गुठळीला मात्र रान मोकळं होतं. प्लेटलेट ८० हजारांवर आल्या म्हणून ‘आता गुठळी कसली होते’ असं समजणं ही त्याच जातीची चूक. कमी प्लेटलेट आणि जास्त गुठळ्या या आजारात एकाच माणसात सुखाने नांदतात.

ल्युपसच्या साधारण ३० ते ४० टक्के रुग्णांत या जातीच्या फॉस्फोलिपिडविरोधी (पेशींच्या आवरणातल्या स्निग्ध पदार्थाविरुद्धच्या) अँटिबॉडीज सापडतात. त्यातल्या सगळ्यांना गुठळी होत नाही. कोणाला धोका जास्त आणि कोणाला कमी, हे ठरवण्यासाठीच तपासणी असते आणि ती एक नसून तीन असतात. तालुक्याच्या लॅबमध्ये जाऊन ‘अँटिबॉडी करा’ म्हटलं तर बहुधा पुन्हा एएनएच होते. एएनए ल्युपस ओळखायला कामाची, पण गुठळीबद्दल ती काहीच सांगत नाही. दुसरा घोळ ‘एपीएलए’ नावाच्या तपासणीचा. कित्येक ठिकाणी या नावाखाली फॉस्फोलिपिडची एक ढोबळ चाळणी चाचणी होते आणि खऱ्या तिन्ही राहूनच जातात. म्हणून चिठ्ठीवर पूर्ण नावं हवीत: अँटिकार्डिओलिपिन आयजीजी व आयजीएम, अँटि बीटा-२ ग्लायकोप्रोटीन-१ आयजीजी व आयजीएम, आणि ल्युपस अँटिकोआग्युलंट. आयजीजी आणि आयजीएम हे अँटिबॉडीचे दोन प्रकार.

पहिल्या दोन तपासण्या एलायझा पद्धतीच्या, म्हणजे अँटिबॉडी किती आहे ते थेट मोजणाऱ्या. साध्या नळीत रक्त घ्या, सीरम (रक्त गोठल्यावर वर उरणारा द्रव) वेगळं करा, थंड डब्यात घालून नागपूरला पाठवा. फारसं बिघडत नाही. तिसरीचं तसं नाही. आपल्या विदर्भात घोळ होतो तो तिच्यातच, आणि गुठळीचा धोका सांगण्यात तिघींत सगळ्यात वजनदार तीच.

ल्युपस अँटिकोआग्युलंट थेट मोजता येत नाही, ते रक्त गोठायच्या वेळेवरून ताडावं लागतं. त्यासाठी दोन चाचण्या करतात. एक एपीटीटीवर आधारलेली आणि दुसरी डीआरव्हीव्हीटी. या दुसरीत घोणसाचं पातळ केलेलं विष वापरतात. घोणस म्हणजे आपल्याकडची परड. तिच्या दंशाने रक्त बिघडलं का, हे पाहायला प्राथमिक आरोग्य केंद्रात काचेच्या नळीत रक्त घेऊन २० मिनिटं थांबतात, ते बऱ्याच जणांनी पाहिलं असेल. हे विष गोठण्याच्या साखळीतल्या दहाव्या घटकाला थेट चालू करतं. तिथून पुढे साखळीला फॉस्फोलिपिड लागतं. नळीत ते मुद्दाम कमी ठेवलं, की अँटिबॉडी त्यावर बसून गोठण अडवते आणि वेळ लांबते. मग रुग्णाचा प्लाझ्मा निरोगी प्लाझ्मात निम्मानिम्म मिसळतात. नुसता एखादा घटक कमी असेल तर वेळ सुधारते, अँटिबॉडी असेल तर सुधारत नाही. शेवटी फॉस्फोलिपिड भरपूर घालतात; आता वेळ खाली आली तर अँटिबॉडी फॉस्फोलिपिडविरोधीच, हे पक्कं. चाळणी, मिश्रण, खात्री अशा या तीन पायऱ्या. रिपोर्टवर फक्त ‘पॉझिटिव्ह’ एवढंच लिहिलेलं असेल तर तिन्ही पायऱ्यांचे आकडे मागून घ्यावेत.

आता नळी. निळ्या टोपीच्या नळीत रक्त गोठू न देणारं ३.२ टक्के सोडियम सायट्रेट असतं. रक्त नऊ भाग आणि सायट्रेट एक भाग, हे माप ठरलेलं. ०.३ मिली सायट्रेट असेल तर रक्त २.७ मिलीच हवं, खुणेपर्यंत. दोन मिलीवर थांबलात तर सायट्रेट जास्त होतं आणि रक्त खोटंच उशिरा गोठतं. बटरफ्लाय सुई लावली तर तिच्या नळकांड्यातली हवा पहिल्या नळीत जाते आणि ती नळी कमी भरते, म्हणून आधी एक नळी वाया घालवायची, मग निळी लावायची. दंडाला पट्टा एक मिनिटापेक्षा जास्त नको. नळी तीन-चार वेळा हळू उलटीसुलटी करायची, हलवून फेस काढायचा नाही. सगळ्यात वाईट चूक बाहेरून दिसतही नाही: निळी नळी कमी भरली म्हणून जांभळ्या टोपीच्या नळीतलं रक्त तिच्यात ओतलं जातं. जांभळीतलं ईडीटीए गोठायला लागणारं कॅल्शियम बांधून ठेवतं, एपीटीटी भलतीच लांबते आणि एका निरोगी बाईच्या कपाळी आजार लिहिला जातो.

नळी भरल्यापासून चार तासांत प्लाझ्मा वेगळा व्हायला हवा, आणि तोही सेंट्रिफ्यूज यंत्रात एकदा फिरवून नाही, दोनदा. (पुढे ‘जी’ म्हणजे पृथ्वीच्या ओढीच्या कितीपट जोर.) पहिल्यांदा २,००० जी वर १५ मिनिटं, मग वरचा प्लाझ्मा तळ न ढवळता प्लॅस्टिकच्या नळीत घेऊन २,५०० जी च्या वर १० मिनिटं. कारण प्लाझ्मात प्लेटलेट दर मायक्रोलिटरला १० हजारांपेक्षा कमी उरल्या पाहिजेत. राहिलेल्या प्लेटलेट, प्लाझ्मा साठवायला फ्रीझरमध्ये ठेवताना, फुटतात, त्यांच्यातलं फॉस्फोलिपिड बाहेर येतं, अँटिबॉडी त्यालाच चिकटून संपते आणि आजारी माणसाचा रिपोर्ट निगेटिव्ह येतो. लॅबमधल्या मित्रांसाठी एक हिशेब. छोट्या टेबलावरच्या सेंट्रिफ्यूजची त्रिज्या १० सेंमी धरली तर ३,००० आरपीएमला (मिनिटाला ३,००० फेऱ्यांना) जेमतेम १,००० जी मिळतात. २,००० जी साठी ४,२०० च्या वर आणि २,५०० साठी ४,७०० च्या वर आरपीएम लागतात. बटणावर ३,००० लिहिलंय म्हणून ३,००० जी होत नाहीत.

धारणी, एटापल्ली किंवा झरी जामणीसारख्या आडबाजूच्या तालुक्यांतून निघालेल्या नळीचे चार तास बहुतेक वेळा एसटीतच संपतात. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा पारा ४५ च्या वर असतो, तेव्हा ड्रायव्हरच्या मागच्या फळीवरच्या पिशवीत काय होत असेल ते सांगायला नको. बर्फात घालून पाठवणं हाही उपाय नाही. थंडीने प्लेटलेट चाळवतात. न फिरवलेलं रक्त १८ ते २४ अंशांतच राहायला हवं. म्हणून आमचं सांगणं सरळ आहे: एलायझाच्या दोन तपासण्या गावाजवळ रक्त देऊन करा, पण ल्युपस अँटिकोआग्युलंटसाठी नळी नका पाठवू, माणूस पाठवा. मेडिकल कॉलेजच्या किंवा मोठ्या लॅबमध्ये रक्त तिथेच काढून तिथेच फिरवलं पाहिजे. जाण्याआधी फोन करून ही तपासणी कोणत्या वारी लावतात ते विचारावं, नाहीतर एक दिवसाची मजुरी बुडते.

औषधांचा अडथळाही याच तिसऱ्या तपासणीला. वॉरफेरिन किंवा ॲसिनोकुमॅरॉल या रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर रिपोर्ट वाचणं अवघड होतं. रिव्हारोक्साबॅनसारख्या नव्या गोळ्या डीआरव्हीव्हीटी खोटी पॉझिटिव्ह करतात. रक्त पातळ करायच्या सुईतलं हेपॅरिन थोडं असेल तर चाचणीचं द्रावण त्याचा परिणाम मारून टाकतं, जास्त असेल तर नाही. तपासणीसाठी गोळी स्वतःहून बंद करायची नाही. चिठ्ठीवर औषधाचं नाव आणि शेवटचा डोस किती वाजता घेतला ते लिहायचं, पुढचं लॅब आणि डॉक्टर ठरवतील. एलायझाच्या तपासण्यांना या गोळ्यांनी फरक पडत नाही. ताप चढलेला असताना किंवा ताज्या गुठळीच्या दिवसांत सीआरपी (अंगातल्या दाहात वाढणारं प्रोटीन) वाढल्याने एपीटीटीवरची चाचणी चुकते. अशा वेळी एलायझा करून घ्यावी, ल्युपस अँटिकोआग्युलंट पुढे ढकलावं.

एका पॉझिटिव्ह रिपोर्टवर जन्माचा निर्णय होत नाही. मलेरिया आणि इतर कितीतरी संसर्गांत या अँटिबॉडीज थोडे दिवस येतात नि जातात, आणि गडचिरोलीत मलेरियाबद्दल वेगळं सांगायची गरज नाही. पहिल्यानंतर किमान १२ आठवड्यांनी, शक्यतो त्याच लॅबमध्ये, पुन्हा करायची. एका लॅबचे ४५ युनिट आणि दुसरीचे ३० हे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत. एलायझात ४० ते ७९ युनिट मध्यम आणि ८० च्या वर जास्त धरतात. १८-२० युनिटच्या आयजीएमवर घाबरून जायचं कारण नाही. आयजीजीचं वजन आयजीएमपेक्षा जास्त. तिन्ही तपासण्या दोन्ही वेळा पॉझिटिव्ह आल्या तर मात्र धोका सगळ्यात मोठा, गुठळी अजून झालेली नसली तरी. डीआरव्हीव्हीटीचं गुणोत्तर बहुतेक लॅब १.२ च्या वर पॉझिटिव्ह धरतात, पण प्रत्येक लॅबने आपली मर्यादा रिपोर्टवर छापायला हवी. ल्युपसचं निदान होताच एकदा, आणि पुढे गरोदरपणाआधी, मोठ्या ऑपरेशनआधी, हार्मोनच्या गोळ्या सुरू करण्याआधी या तपासण्या पाहून घ्याव्यात.

एक गोष्ट आशा ताई आणि एएनएम ताईंसाठी. गरोदर बाईची व्हीडीआरएल (गुप्तरोगाची, म्हणजे सिफिलिसची चाचणी) पॉझिटिव्ह आली की घरात काय होतं ते त्यांना चांगलं ठाऊक आहे. व्हीडीआरएलच्या द्रावणात कार्डिओलिपिनच असतं. त्यामुळे या अँटिबॉडीज असलेल्या बाईची व्हीडीआरएल गुप्तरोग नसतानाही पॉझिटिव्ह येऊ शकते. आधी टीपीएचए ही सिफिलिसची खात्रीची चाचणी करा. ती निगेटिव्ह आली आणि बाईला सांधेदुखी, उन्हाने वाढणारे गालावरचे लाल चट्टे (ज्याला आपण वांग म्हणून मोकळे होतो), तोंडात फोड, पूर्वी पोटात बाळ दगावलेलं असं काही असेल, तर या तीन तपासण्यांचा विचार व्हावा. नवऱ्यापर्यंत व्हीडीआरएलचा कागद जाण्याआधी हे झालं तर एक संसार वाचतो.

सिकलसेलचा गुंता आपल्या भागाचा खास. खुब्यात दुखतं, लंगडत चालतो, हे सिकलसेलमध्येही होतं आणि ल्युपसमध्ये स्टिरॉइडमुळेही. दोन्हीत मांडीच्या हाडाच्या गोट्याचा रक्तपुरवठा तुटतो. सिकलसेल स्वतः गुठळ्यांकडे झुकवणारा आजार आहे. सिकलसेलची सोल्युबिलिटी चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणून ल्युपस नाही, असं होत नाही. सांधे, चट्टे आणि लघवीतलं प्रोटीन यांचा हिशेब लागत नसेल तर दोन्ही तपासावं. लघवीतून प्रोटीन भरपूर जात असेल, तर गोठणं आवरणारं अँटिथ्रॉम्बिनही त्याबरोबर वाहून जातं आणि अँटिबॉडी नसतानाही गुठळी होऊ शकते.

रिपोर्ट पॉझिटिव्ह पक्का झाल्यावर काय करायचं? गुठळी कधीच झालेली नसेल आणि अँटिबॉडी जास्त धोक्याच्या असतील तर डॉक्टर बहुधा रोज ७५ ते १०० मिग्रॅ ॲस्पिरिन देतात. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन तर ल्युपसच्या जवळजवळ प्रत्येकाला हवंच. ते गुठळीचा धोकाही कमी करतं. ‘ही तर मलेरियाची गोळी’ म्हणून ती बंद करणारे बरेच भेटतात. डोस वजनावर: दिवसाला किलोमागे ५ मिग्रॅपर्यंत. आपल्या वावरात राबणाऱ्या कितीतरी बाया ४० किलोच्या आहेत, त्यांना २०० मिग्रॅ पुरेत; सरसकट ४०० लिहिले जातात ते डोळ्याच्या पडद्याला महाग पडतं. सुरुवातीला एकदा आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी पडदा तपासावा, किडनी बिघडलेली असेल तर त्याआधीपासून.

पाळणा लांबवण्याच्या साधनांबद्दल लेखात अवाक्षर नव्हतं, म्हणून थोडं जास्त लिहितो. सरकारी केंद्रात फुकट मिळणाऱ्या माला-एन गोळीत ०.०३ मिग्रॅ इथिनाइल इस्ट्राडिओल, म्हणजे इस्ट्रोजेन, आहे. फॉस्फोलिपिडविरोधी अँटिबॉडी असलेल्या बाईने इस्ट्रोजेनची कोणतीही गोळी घ्यायची नाही. हार्मोनचं अंतरा इंजेक्शनही अशा बायांना टाळायला सांगतात. तांबी बसवणं सगळ्यात सोपं आणि ती प्राथमिक केंद्रातच मिळते. पाळीच्या तक्रारीसाठी मेडिकलवरून आणलेल्या हार्मोनच्या गोळ्यांची पाकिटंही आधी दाखवावीत.

गुठळी एकदा झाली की वॉरफेरिन किंवा ॲसिनोकुमॅरॉल, बहुधा कायमचं, आणि आयएनआर (गोळीने रक्त किती पातळ झालं ते सांगणारा आकडा) २ ते ३ मध्ये. तिन्ही अँटिबॉडी पॉझिटिव्ह असणाऱ्यांना आयएनआर न लागणारी ‘नवी गोळी’ सोयीची वाटते, पण २०१८ साली रिव्हारोक्साबॅनची वॉरफेरिनशी तुलना अशाच रुग्णांत केली तेव्हा नव्या गोळीवर लकवा आणि हृदयाचे झटके जास्त दिसले आणि अभ्यास मध्येच थांबवावा लागला. आयएनआर शिरेतल्या रक्तावर करावा. बोटाच्या थेंबावरचं मशीन या अँटिबॉडीमुळे खोटा जास्त आकडा दाखवू शकतं.

आयएनआर बिघडतो तो आपल्या ऋतूंप्रमाणे. उन्हाळ्यात हिरवी भाजी ताटात नसते, आकडा तीनकडे जातो. मृगाचा पाऊस पडला की तरोटा, आंबाडी रोज शिजते, व्हिटॅमिन के वाढतं, त्याच गोळीवर आकडा दीडवर येतो. भाजी सोडायची नाही, रोज सारखीच खायची, आणि भाजीचा मोसम बदलला की पंधरा दिवसांत आयएनआर पाहायचा. जुलाबासाठी मेट्रोनिडाझोल किंवा लघवीच्या जळजळीसाठी कोट्रायमॉक्साझोल घेतलं तर आकडा चढतो. टीबीच्या रिफॅम्पिसिनने धाडकन पडतो. डायक्लोफेनॅकची गोळी नको आणि कमरेत सुई तर मुळीच नको. ‘डॉक्टर, सुई द्या ना’ हा आपला हट्ट इथे रक्ताची गाठ होऊन मांडीत बसतो. एखादा डोस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नये.

वॉरफेरिनवर असलेल्या बाईची पाळी चुकली तर आठवडाभर वाट पाहायची नाही. गर्भाच्या सहाव्या ते बाराव्या आठवड्यात ही गोळी बाळाला अपाय करते. त्याआधी हेपॅरिनवर यायला हवं. गुठळी झालेली नाही पण आधी बाळं गेलेली आहेत अशांना कमी डोसचं ॲस्पिरिन आणि एनॉक्सापॅरिनसारखी पोटाच्या कातडीखालची रोजची सुई, सहसा ४० मिग्रॅ, देतात. बाळंतपणानंतर सहा आठवडे सगळ्यात जपायचे. या दिवसांत डोकं फुटल्यासारखं दुखणं, उलट्या, झटके आले तर ‘बाळंतवात’ म्हणून शेक देत बसू नये. मेंदूच्या शिरेत गुठळी असू शकते. अंगावर पाजणाऱ्या आईला वॉरफेरिन चालतं, त्यासाठी दूध तोडायला नको.

एकाच पायाची पोटरी सुजून तापणं, अचानक दम लागून छातीत टोचणं, तोंड वाकडं होणं, एका डोळ्यापुढे अंधार येणं, यातलं काहीही झालं तर १०८ ला फोन करावा आणि गाडीत बसताना रिपोर्टची फाईल हातात घ्यावी. सुजलेल्या पोटरीला मालीश करू नये.

पुढच्या अंकात दुरुस्ती छापाल तेव्हा तिन्ही तपासण्यांची पूर्ण नावं आणि ‘१२ आठवड्यांनी पुन्हा’ एवढं चौकटीत, ठळक अक्षरात द्यावं ही विनंती. लोक पेपरचं कात्रण घेऊन लॅबच्या खिडकीशी येतात आणि त्यावर जे छापलेलं असतं तेच मागतात.

आपले,
प्रयोगशाळा तंत्रज्ञ व डॉक्टर वाचक,
यवतमाळ जिल्हा